सुकटीचा हिशेब



या व्याख्यानासाठी संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय विचारला. मी म्हटलं, ‘समुद्रातली मासळी संपवल्याचा दोष कोणत्या देशाच्या माथी मारायचा, यावर बोलीन म्हणतो.’ पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते हळूच म्हणाले, ‘साहेब, अकोल्यात?’

त्यांचं काही चुकलं नाही. इथून मुंबईचा समुद्र रेल्वेने सहाशे किलोमीटरच्या आसपास. वऱ्हाडातल्या माणसाने समुद्र पाहायचा तो लग्नानंतर, नाहीतर पोरगा मुंबईत नोकरीला लागल्यावर. इथे कापसावर बोलावं, सोयाबीनवर, संत्र्यावर, अनुशेषावर बोलावं. मासोईचं काय? पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्या सरांनीच हा विषय माझ्या डोक्यात घातला, आणि तोही याच गावात. म्हणून मी हट्ट सोडला नाही.

मी दर्यापूर तालुक्यातला, म्हणजे खारपाणपट्ट्यातला. आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे. समुद्र पाहायच्या कितीतरी आधी आम्ही मीठ पीत होतो. पावसाळ्यात भाजीपाला महागला, की आठवडी बाजारातून सुकट यायची. माय ती तव्यावर भाजायची, कांदा-तिखट घालायची, आणि वास चार घरं जायचा. विकणारी बाई मायला दरवेळी सांगे, ‘हे मुंबईची सुकट हाये माय, इथल्या नदीची नाई.’ मुंबई हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो सिनेमामुळे नव्हे, सुकटीमुळे.

पुढे बी.एस्सी.ला अकोल्यात आलो. सर प्राणिशास्त्र शिकवायचे. एके दिवशी प्रात्यक्षिकाला बेडूक आले नव्हते, तेव्हा सरांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि ट्रेमध्ये एक सुका बोंबील ठेवला. ‘हा कोणी मारला?’ आम्ही म्हटलं, ‘कोळ्यानं.’ सर फळ्याकडे वळले आणि उजव्या टोकाला ‘कोळी’ लिहिलं. ‘त्याला उचल कोणी दिली? विकत कोणी घेतला? इथवर कोणी आणला? खाल्ला कोणी?’ एकेक नाव फळ्यावर चढत गेलं. शेवटी डाव्या टोकाला त्यांनी लिहिलं, ‘तुमची माय’ आणि त्याच्या खाली ‘तुम्ही’. तास संपला. बोंबलाचं विच्छेदन काही झालं नाही, आणि त्या प्रश्नाचं उत्तरही सरांनी दिलं नाही. पुढे मी मत्स्यव्यवसाय खात्यात नोकरीला लागलो, अर्धी नोकरी धरणांवर आणि अर्धी कोकणात काढली, निवृत्त झालो. तो फळा मात्र डोळ्यांसमोरून हलला नाही.

आता विषयाकडे येतो. गेल्या दिवाळीत पुतण्याने मला फोनवर एक आलेख दाखवला. देशोदेशी किती मासे खातात त्याचा. सगळ्यात उंच खांब चीनचा. ‘बघा काका, समुद्र कोण गिळतंय ते.’ त्याची बायको शेजारीच होती, तिने तिच्या फोनवर दुसरा आलेख काढला, दरडोई खाण्याचा. त्यात चीन कुठल्या कुठे खाली. वर आइसलँड आणि मालदीव, माणशी वर्षाला ऐंशी-नव्वद किलोच्या घरात. एकाच घरात, एकाच फराळाच्या ताटाभोवती दोन वेगळे गुन्हेगार! आइसलँडची वस्ती चार लाखांच्या आतली, म्हणजे अकोला शहरापेक्षा कमी. तिथल्या प्रत्येकाने दोन्ही वेळ मासेच खाल्ले तरी समुद्राला त्याचं फारसं काही वाटायचं नाही. चीन मात्र १४० कोटींचा. मग दोष माणशी मोजायचा की देशागणिक? माणशी मोजला तर लहान देश गुन्हेगार ठरतात, देशागणिक मोजला तर ज्यांच्याकडे माणसं जास्त ते. दोन्ही तराजू खरे आहेत, आणि दोन्हींतून भलताच माणूस पकडला जातो.

जगाची सरासरी माणशी २०.७ किलो, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०२२ सालचा हिशेब सांगतो. भारताची नऊ किलोच्या आत. ‘म्हणजे आपण सुटलो,’ पुतण्या म्हणाला. सुटलो कसे? या सभागृहात निम्मी मंडळी माळकरी किंवा पक्की शाकाहारी असतील, उरलेल्यांतले काही महिन्यातून एकदा खाणारे असतील, आणि चार-दोन माझ्यासारखे. या सगळ्यांची सरासरी काढली तर माझ्या ताटातला पापलेट माळकऱ्याच्या ताटात जाऊन बसतो. देशाचंही तेच होतं. त्रिपुरा आणि केरळचं खाणं राजस्थान, हरियाणावर वाटून आपण नऊ किलोचे सज्जन होतो. सरासरी काढली की खाणारा लपतो आणि न खाणारा उगाच पंगतीला बसतो.

याहून मोठी गंमत ‘मासा’ या शब्दातच आहे. त्या आलेखातला मासा म्हणजे समुद्रातलाच असतो असं आपण धरून चालतो. २०२२ साली जगात सुमारे साडेअठरा कोटी टन मासे, कोळंबी, शिंपले वगैरे निघाले. त्यातले ९ कोटी ४४ लाख टन, म्हणजे निम्म्याहून जास्त, माणसाने तळ्यात, खाचरात, पिंजऱ्यात वाढवलेले होते. पकडलेल्यापेक्षा वाढवलेलं जास्त, असं इतिहासात पहिल्यांदाच घडलं. आणि या वाढवलेल्यातला निम्म्याहून मोठा वाटा एकट्या चीनचा. चिनी माणूस खातो त्यातला फार मोठा हिस्सा त्याच्या तळ्यातला कार्प आहे, आपल्या रोहू-कतल्याचा भाऊबंद. भारताचंही तसंच. २०२२-२३ मध्ये देशात १७५ लाख टन मासळी निघाली, तिच्यातली १३१ लाख टन गोड्या आणि मचूळ पाण्यातली. मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या धरणातून, ज्याला आपण अप्पर वर्धा म्हणतो, निघालेला रोहू अमरावतीच्या इतवाऱ्यात विकला गेला, की त्या आंतरराष्ट्रीय आलेखात भारताचा खांब तेवढा उंच होतो. अरबी समुद्राला त्याचा पत्ताही नसतो.

सिंभोऱ्याचं नाव निघालं म्हणून दोन शब्द जास्त बोलतो, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहू नये. १९५७ च्या जुलैमध्ये ओरिसात हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची कृत्रिम वीण करून दाखवली. त्याआधी बीज नदीतून गोळा करावं लागे. चांगलं-वाईट, शिकारी मासा, पाण्यातला केरकचरा, सगळं एकत्र. त्या एका इंजेक्शनने भारतातली धरणं शेतासारखी पेरता येऊ लागली. मी नोकरीत असताना पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून जलाशयावर नेत असे. पिशवी लगेच फोडायची नाही; आधी पाण्यावर ठेवायची, आतलं-बाहेरचं तापमान जुळू द्यायचं, मग हळूच सोडायची. एकदा एक म्हातारे भोईदादा माझ्याकडे बघत काठावर बसले होते. म्हणाले, ‘साहेब, नदी होती तवा मासोई आमची होती. धरन झालं, आता मासोई ठेकेदाराची.’ नदीच्या माशांचा मालक बदलला हे कोणत्याच आलेखात दिसत नाही. देशाचं उत्पादन वाढलं, एवढंच दिसतं.

तळ्यातला मासा निर्दोष, असं मात्र समजू नका. तो काय खातो ते विचारा. रोहू-कतला कोंडा, पेंड, पाण्यातलं शेवाळ यावर वाढतो. कोळंबीला आणि परदेशातल्या सालमनला मात्र माशांची भुकटी लागते, आणि ती समुद्रातल्या तारली, बांगडा आणि असंख्य बारीक मासळीची असते. तीच भुकटी कोंबडीच्या खाद्यातही घालतात. अमरावतीच्या आसपासच्या कोंबडीपालनाबद्दल या सभागृहातल्या कित्येकांना माझ्याहून जास्त माहिती आहे. मासळीला हात न लावणारा, पण सकाळी एक उकडलेलं अंडं खाणारा आपला मित्र अरबी समुद्राचा चिमूटभर भाग रोज खातो, आणि दरडोई मासळीच्या आलेखात शून्यावर बसतो.

याचा सगळ्यात मोठा धडा पेरू देशाचा. त्याच्या किनाऱ्यावर अँकोव्ही नावाचा बोटाएवढा मासा मिळतो. १९७० साली पेरूने तो एक कोटी वीस लाख टनांच्या वर काढला. तोवर इतका एकाच जातीचा मासा कोणत्याच देशाने काढला नव्हता. दोन वर्षांनी एल निन्योचा गरम प्रवाह आला, आधीच उपसलेला समुद्र कोलमडला आणि १९७३ मध्ये वीस लाख टनही हाती लागले नाहीत. पुस्तकांत आजही वाचायला मिळतं, की पेरूने आपली मासळी संपवली. पण पेरूच्या माणसाने तो मासा खाल्ला नव्हताच. त्याची भुकटी होऊन ती युरोप-अमेरिकेतल्या कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या पोटात गेली होती. भुकटी मिळेना तेव्हा जगाने सोयाबीनवर धाव घेतली. भाव इतके भडकले, की १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. कोंबडीला प्रथिनं पाहिजेत, मग ती माशातून येवोत की शेंगेतून. आज आपल्या शेतातल्या सोयाबीनच्या पेंडेचं गिऱ्हाईक तीच कोंबडी आहे आणि आंध्रातली तीच कोळंबी. तेव्हा सोयाबीनचा भाव पडला म्हणून आपण बोंब मारतो ना, त्या भावात कुठेतरी दूर समुद्रातली एक मासोई पोहत असते. तेवढी लक्षात असू द्या.

दूरच्या गिऱ्हाइकासाठी माल काढायचा आणि दोष मात्र आपण घ्यायचा, हे वऱ्हाडाला नवं नाही. १८५३ मध्ये फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेलं, पण त्यांचा डोळा इथल्या कापसावर होता. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना इथला कापूस हवासा झाला. १८७० मध्ये खामगावची रेल्वे सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. पण त्याच काळात गिरणीवाल्यांची ओरड एकच: हिंदुस्थानचा कापूस घाणेरडा, भेसळीचा. १८६३ मध्ये मुंबई सरकारने भेसळीविरुद्ध कायदाही केला. खुल्या बाजारात, आडतीत, गाठी बांधताना होणारी लबाडी साखळीभर पसरलेली होती, बदनाम झाला तो मात्र पिकवणारा आणि त्याचा प्रांत. माल जिथून निघतो तिथेच पाप निघतं, अशी व्यापाराची एक जुनी समजूत आहे. त्या मालाने ज्याचं अंग झाकलं किंवा पोट भरलं, त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

आता दुसऱ्या बाजूने बघू. देशांवर दोष ठेवणं अन्यायाचं आहे एवढं म्हणून मला थांबता आलं असतं, आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. पण न्यूफाउंडलंडची गोष्ट मला थांबू देत नाही. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर चारशे-पाचशे वर्षं कॉड मासा मिळत होता. १९६० च्या दशकात रशिया, स्पेन, पोर्तुगाल, जर्मनी वगैरेंची मोठमोठी जहाजं आली, मासा तिथेच गोठवून नेऊ लागली. १९६८ मध्ये उत्तरेकडच्या कॉडचं उत्पादन आठ लाख टनांपर्यंत गेलं आणि मग घसरलं. परदेशी जहाजं चोर, ही तिथल्या मच्छीमारांची तक्रार शंभर टक्के खरी होती. १९७७ मध्ये कॅनडाने दोनशे सागरी मैलांची हद्द लावून त्यांना हाकललं. आनंदीआनंद झाला. पुढच्या पंधरा वर्षांत कॅनडाच्या स्वतःच्या ट्रॉलरनी, स्वतःच्या सरकारच्या मदतीने, स्वतःच्या शास्त्रज्ञांच्या फुगीर अंदाजांच्या आधारे उरलेला मासा काढला. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांवर माणसं एका दिवसात बेकार झाली. चोराला हाकललं, आणि चोराची जाळी मात्र घरातच ठेवून घेतली.

हेच नाटक मी कोकणात पाहिलं आहे, लहान रंगमंचावर. सिंधुदुर्गात बदली झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मच्छीमार कार्यालयात आले: ‘कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर येतायत, आमची हद्द लुटतायत.’ गुजरातच्या बोटींबद्दलही तीच तक्रार. तक्रार खोटी नव्हती. बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याचा, तिथे परराज्यातल्या ट्रॉलरने यायचं नाही, हे उघड आहे. पण त्याच किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं जाळं, ओढणारा मालवणचा म्हातारा मला बाजूला घेऊन वेगळंच सांगायचा. तो म्हणायचा, मलपीवाला रात्री येऊन जातो, आमचा पर्ससीनवाला, म्हणजे घेर टाकून अख्खा थवा उचलणारा, मात्र रोज समोर असतो. राज्याने २०१६ च्या फेब्रुवारीत पर्ससीन जाळ्यांवर क्षेत्राचे आणि हंगामाचे निर्बंध घातले. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. दिवे तरीही पेटत राहिले, आणि ते सगळे काही कर्नाटकातून आलेले नव्हते. परप्रांतीय या शब्दाचा एक मोठा गुण आहे, तो आपल्या माणसाला अंधारात उभं राहायला जागा देतो.

आणि मी स्वतः? नोकरीत असताना मी लहान पापलेट मारू नका म्हणून गावोगाव सभा घेतल्या. मग निवृत्तीनंतर अमरावतीच्या एका हॉटेलात मुलाने जेवायला नेलं. तळलेला अख्खा पापलेट आला. ताटलीत बरोबर मावेल एवढा, सोनेरी, वर लिंबाची चकती. अर्धा खाल्ल्यावर मी बोटांनी मोजला. वीत सोडा, पाऊण वीतही भरेना. हॉटेलला अख्खा मासा ताटलीत मावायला हवा असतो. ताटलीचा व्यास ठरवतो समुद्रातल्या पिल्लाने किती दिवस जगायचं ते. २०२३ च्या सप्टेंबरात पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा केलं, लहान मासे पकडण्यावर किमान लांबीची बंधनंही आली. राज्य मासा मी पोळीबरोबर खाल्ला होता. तो मारला आपल्या सातपाटीच्या नावेने की गुजरातच्या, ते ताटलीवर लिहिलेलं नसतं. मी मात्र तिथेच बसलो होतो, बिल मुलाने दिलं.

बरं, मघाशी ज्यांची तक्रार सांगितली ती ट्रॉलरची जाळी आपल्याकडे आली कुठून? १९५२ च्या ऑक्टोबरात भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रांमध्ये एक करार झाला आणि केरळात नीण्डकराजवळ इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. तेव्हा मासेमारी केंद्राच्या अन्न व कृषी मंत्रालयाकडे होती, आणि कृषिमंत्री होते आपले भाऊसाहेब, डॉ. पंजाबराव देशमुख. पापळच्या शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस. गरीब कोळ्याच्या हाती बरी नाव, बरं जाळं, गावात पाणी आणि दवाखाना यावा, हा त्या प्रकल्पाचा हेतू होता, आणि तो हेतू कोणालाही लाज वाटावी असा नव्हता. पण साठच्या दशकात तळ खरवडणाऱ्या ट्रॉलला कोळंबी मिळाली, कोळंबीला अमेरिका आणि जपानची बाजारपेठ मिळाली, आणि प्रकल्प ज्याच्यासाठी होता तो होडीवाला मागे राहिला. पैसेवाले ट्रॉलर घेऊन उतरले. आज नॉर्वे जगाला शहाणपणाची मासेमारी शिकवतो, आणि शिकवण्यासारखं त्याच्याकडे आहेही. पण भारतीय ट्रॉलरने तळ खरवडला असं लिहिताना तो ट्रॉल कोणी हातात दिला आणि त्यातून निघालेली कोळंबी कोणी खाल्ली, याची दोन वाक्यं पुढे यायला हरकत नाही. भाऊसाहेबांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही होकारच दिला असता.

कोळंबीवरून आठवलं. १९८९ मध्ये अमेरिकेने कायदा केला: ज्या ट्रॉलजाळ्यात कासवाला बाहेर पडायला झडप नाही, त्या जाळ्याची कोळंबी आम्ही घेणार नाही. १९९६ पासून तो सगळ्या जगाला लावला. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत भांडायला गेले. १९९८ मध्ये निकाल लागला. मला तो फार आवडतो. नोकरीत असताना त्याचं टिपण मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. त्यात कासव वाचवण्याचा हेतू योग्य मानला गेला, पण अमेरिकेची वागणूक अन्यायाची ठरली. कारण? कॅरिबियन देशांना नवी जाळी बसवायला तीन वर्षं दिली होती, आणि आशियाई देशांना चार महिने. दोघांचाही गुन्हा एक, कासव एकच, मुदत वेगळी. नियम कडक असावा, पण त्याचं घड्याळ सगळ्यांना सारखं चालावं, इतकं साधं न्यायाधीशांनी सांगितलं. पुढे २०१९ पासून अमेरिकेने भारताची समुद्रातली कोळंबी बंद केली. आंध्रातल्या तळ्यातली कोळंबी चालू राहिली, तिच्या तळ्यात कासव नसतं म्हणून. फटका बसला तो आपल्या किनाऱ्यावरच्या ट्रॉलरवाल्याला आणि त्याच्या बोटीवरच्या खलाशांना. ती झडप बसवायला आपल्याला वीस वर्षं मिळाली होती, हेही तितकंच खरं.

आता मुत्सद्द्यांची भाषा ऐका. २०२२ च्या जूनमध्ये त्याच व्यापार संघटनेत, जिनिव्हात, मासेमारीच्या अनुदानांवर करार झाला. तो २०२५ च्या सप्टेंबरात अमलात आला. बेकायदा मासेमारीला आणि आधीच उपसलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला सरकारी पैसा द्यायचा नाही, एवढ्यावर जग कसंबसं आलं. जास्तीच्या बोटी आणि जास्तीची क्षमता वाढवणाऱ्या अनुदानांचा खरा प्रश्न अजून लोंबकळतो आहे. तिथे भारताने मांडलेला हिशेब असा: आम्ही मच्छीमारामागे वर्षाला पंधरा डॉलर देतो, काही युरोपीय देश हजारो डॉलर. हे म्हणणं रास्त आहे. जगात दूरच्या समुद्रात जाऊन मासेमारी करणारे मुख्य पाच ताफे चीन, तैवान, जपान, दक्षिण कोरिया आणि स्पेनचे. त्यांतली कित्येक जहाजं सरकारी डिझेलच्या पैशाशिवाय बंदरातून हललीही नसती. त्यांच्या पंगतीत सातपाटीच्या होडीला बसवणं हा उघड अन्याय आहे. आणि मोजणारेही सगळ्यांना सारखं मोजत नाहीत. युरोपीय संघ बेकायदा मासेमारीसाठी देशांना फुटबॉलसारखी पिवळी-लाल कार्डं दाखवतो; २०१५ मध्ये श्रीलंकेला लाल कार्ड मिळालं, थायलंडला पिवळं. एवढा मोठा ताफा असून चीनला साधं पिवळंही दाखवलेलं नाही. गिऱ्हाईक मोठं असलं की पंचाची शिट्टी खिशात राहते.

पण माझा अनुभव सांगतो, की त्या पंधरा डॉलरच्या होडीआड मोठी नाव बांधलेली असते. कापसाचं नाही का तसं? दोन एकराचा कोरडवाहू शेतकरी हा सगळ्या भाषणांत पुढे असतो, आणि त्याच्या नावाने मागितलेलं निघतं ते दोनशे एकरवाल्याच्या किंवा आडत्याच्या दारात. जिनिव्हात गरीब मच्छीमाराच्या नावाने पंचवीस वर्षांची मुदत मागितली. ती मिळाली असती तर वापरली कोणी असती, रापणवाल्याने की पर्ससीनवाल्याने? देशाची बाजू बरोबर असणं आणि देशातल्या प्रत्येकाची बाजू बरोबर असणं या दोन गोष्टी आहेत. सरांच्या फळ्यावर एकाही देशाचं नाव नव्हतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं. त्यावर कोळी होता, उचल देणारा होता, दलाल होता, खाणारा होता. मला दोष मोजायचाच असेल तर जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकाच्या मापाचा, मोजावा, बोटीच्या इंजिनाचा, तिला दिलेल्या पैशाचा आणि ताटलीच्या व्यासाचा. झेंडा शेवटी पाहावा. तोही पाहावाच, कारण परवाना आणि अनुदान झेंडाच देतो.

आता एक ताजी गोष्ट सांगतो, आणि मग चहाची वेळ झाली आहे.

गेल्या महिन्यात आमच्या गावचा एक तरुण घरी आला. हातात पाण्याची बाटली, तिच्यावर पेनने गावाचं नाव आणि गटनंबर. हरियाणा, पंजाब, राजस्थानात जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर व्हॅनामी कोळंबी वाढवतात, हे त्याने व्हिडिओत पाहिलं होतं. ‘काका, आपल्या खाऱ्या पान्यात होईन का?’ मी त्याला सांगितलं, की होऊ शकतं. मात्र जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात समुद्रासारखं पोटॅशियम नसतं, ते बाहेरून घालावं लागतं, म्हणून आधी पाणी तपासू. वापरलेलं खारं पाणी शेजारच्या रानात सोडलं तर शेजारी काठी घेऊन येईल, तेही सांगितलं. त्याने खाद्याचं विचारलं. म्हटलं, सोयाबीनची पेंड आणि माशाची भुकटी. ‘म्हंजे सोयाबीन आपलंच,’ तो खूश झाला. विकायची कुठे? बहुतेक अमेरिकेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारताच्या मालावर पन्नास टक्के शुल्क लावलं तेव्हा आंध्रातल्या तळेवाल्यांचं काय झालं, ते मी त्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘पन काका, उद्या कोनी म्हनलं, की समुद्र आमीच संपवला, तर? आमी तं समुद्र पायलाच नाई.’

मी बाटलीचं झाकण उघडून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. चव ओळखीची होती. नमुना प्रयोगशाळेत पाठवला आहे; पोटॅशियमचा अहवाल अजून यायचा आहे.